आधी भांडी, मग शेगडी

इंडक्शनची शेगडी घ्यायची ठरली की बहुतेक घरांची पहिली फेरी दुकानात होते. ऑफर बघतात, वॅट विचारतात, पेटी घरी येते. संध्याकाळी रोजचं पातेलं तिच्यावर ठेवावं, तर ती टूंटूं करत राहते, पडद्यावर ‘ई’ उमटतो आणि पाणी गारच राहतं. मग एक नवं भांडं येतं, ते डुगडुगतं म्हणून दुसरं येतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत शेगडी पेटीसकट माळ्यावर जाते. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा करावा. आधी फडताळातली भांडी बघावीत, मग भिंतीतली वायर, आणि शेगडीला सगळ्यात शेवटी हात घालावा.

नणंद-भावजयीच्या एका वादातून हे मत माझ्या मनात पक्कं झालं. मालतीताई अमरावतीच्या. कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्या, आणि आता त्यांचा गॅस सणावारालाच पेटतो. त्यांची धाकटी भावजय शोभा अकोल्याच्या जुन्या घरात राहते. घरची सहा माणसं जेवायला, शिवाय नोकरदारांचे डबे. दोघींचा हात स्वयंपाकात मुरलेला आहे, त्यामुळे कुणाचीही हरकत ‘नव्याची भीती’ किंवा ‘नव्याची हौस’ म्हणून उडवून लावता येत नाही. मे महिन्यातल्या अकोल्यात, ऐन स्वयंपाकाच्या वेळी झालेलं हे बोलणं.

शोभा: ताई, आल्यापासून बघतेय, तुमच्या डोळ्यांत माझी गॅसशेगडी खुपतेय.

मालतीताई: शेगडी नाही गं, तो बंद पंखा खुपतोय. बाहेर ४४ अंश, आणि तू डोक्यावर पंखा असून घामानं निथळतेस.

शोभा: पंखा लावला की ज्योत फडफडते. मंद ठेवली असेल तर विझते, आणि विझलेली कळली नाही तर गॅस पसरतो. कोण जोखीम घेणार? आपल्या आईसुद्धा नाही लावायच्या.

मालतीताई: आईला दुसरी सोयच नव्हती. गॅसवर काय होतं बघ. ज्योत भांड्याच्या खाली जळते, थोडी उष्णता बुडात शिरते, उरलेली भांड्याच्या कडेकडेनं वर येऊन तुझ्या तोंडावर. घरगुती गॅसशेगडीचं आपल्याकडे एक मानक आहे, आयएस ४२४६. शेगडीनं किमान ६८ टक्के उष्णता भांड्यात घातली पाहिजे, असं त्यात आहे. तेही चाचणीतलं, नव्या बर्नरचं. तुझा बर्नर काळवंडलाय आणि लहान गंजाखाली मोठी ज्योत आहे. इथे त्याहून कमीच पडणार. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यातच राहते आणि ज्योत नसल्यानं डोक्यावरचा पंखा खुशाल फिरतो. विदर्भातल्या बाईनं एवढ्या एका कारणासाठी तरी तिचा विचार करावा.

शोभा: पंख्याचं पटलं. अगदी पटलं. पण माझं स्वयंपाकघर भाकरीवर चालतं. ज्वारीची भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. आता तवा बाजूला सारून दुसरी बाजू ज्योतीवर धरायची. तिथे ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो आणि जागोजागी खमंग डाग पडतात. तुमच्या काचेवर हे कुठून होणार?

मालतीताई: तव्यावरच फुगते की. दुसरी बाजू पूर्ण शेकू द्यायची, मग पुन्हा पलटून फडक्याच्या घडीनं कडेकडेनं दाबत जायचं. मी रोज करते.

शोभा: तुमच्या दोन भाकऱ्या असतात, पानात गरम पडतात. माझ्या भाकऱ्या डब्यात जातात आणि चार तासांनी उघडल्या जातात. तव्यावरच फुगवलेली भाकरी तोवर वातड होते. ज्योतीवरची नाही होत. हे तुमच्या फिजिक्सच्या पुस्तकात नसेल, पण माझी गिऱ्हाइकं सांगतात.

मालतीताई: त्यातही फिजिक्स आहेच. ज्योतीवर भाकरीची पाठ झपाट्यानं कोरडी होते आणि आतली वाफ तिला वर उचलते. तव्यावर जास्त वेळ लागतो, तेवढ्या वेळात आतलं पाणीही उडतं. बरं, भाकरी तुझी.

शोभा: आणि भरीत? गावाकडे तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायचे, ते आता गॅसवर आलं. इंडक्शनवर कशावर भाजणार? वाटणाचं सुकं खोबरं आम्ही चिमट्यात धरून ज्योतीवर पेटवतो, ते आपल्याच तेलावर काळं होतं. पापड आहेत. ठेच्याच्या मिरच्या एक वेळ तव्यावर होतील.

मालतीताई: भरताला मीही गॅसच पेटवते. जे उघड्या आचेवर भाजायचं ते इंडक्शनवर होत नाही, तिथे वाद नको. पण हिशोब कर. दिवसभरात तुझी आच किती वेळ भाजण्यात जाते आणि किती वेळ उकळण्यात? दूध, चहा, कुकर, भात, डब्याच्या भाज्या, आंघोळीचं पाणीसुद्धा. ह्यातल्या कशालाच ज्योत लागत नाही.

इथे मी मधे बोलते. इंडक्शनविषयीचे बहुतेक वाद ‘गॅस की इंडक्शन’ अशा दोन तुकड्यांत होतात आणि म्हणूनच वाया जातात. मालतीताईंचा शेवटचा प्रश्न मला खरा वाटतो, कारण तो पदार्थापासून सुरू होतो. आपल्या घरात आठवडाभर काय शिजतं हे लिहून काढलं तर उकळणं आणि शिजवणं हेच जास्त निघतं. पोळीला ज्योत लागत नाही, तवा पुरतो. ज्वारी-बाजरीच्या घराला एक तरी बर्नर लागतोच. निदान वऱ्हाडात, खानदेशात आणि मराठवाड्यात तरी.

शोभा: चला, चहा-दूध-कुकर तुमच्या शेगडीवर. भांडी आहेतच घरात.

मालतीताई: आहेत का ते बघू. फ्रिजवरचं ते चुंबक दे इकडे.

शोभा: त्यानं काय होणार?

मालतीताई: इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज जाते. त्यामुळे वरच्या भांड्याच्या बुडात आपोआप भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व आहे हे. त्या प्रवाहांना धातूचा विरोध होतो आणि बूडच तापतं. शेगडी स्वतः तापत नाही, काच भांड्याच्या धगीनं गरम होते तेवढीच. लोखंडासारखा चुंबकाला धरणारा धातू असला तर प्रवाह बुडाच्या पातळ थरात कोंडतात आणि चांगलं तापतं. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम ह्यांत विरोध इतका कमी की घरगुती शेगडीला ते तापवता येत नाहीत. असं भांडं ठेवलं तर शेगडी जणू वर काहीच नाही असं धरते आणि बंद होते. म्हणून चुंबक.

शोभा: मग लावा. हा कुकर.

मालतीताई: हिंडालियमचा. नाही धरत. ही जर्मनची पातेलीही बाद. तवा आण... बिडाचा आहे, बघ कसा घट्ट बसला. हा चालेल. फक्त काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा, नाहीतर चरे पडतात. तो दुसरा लोखंडी तवा चुंबकाला धरतो, पण मधे खोलगट आहे. काचेवर ठेवला तर मधला टिकलीएवढा भाग टेकेल, तेवढाच करपेल आणि कडा कच्च्या राहतील. लोखंडी कढईचंही तेच. बूड गोल, त्यामुळे ती काचेवर उभीच राहणार नाही. फोडणीची पळीही बाद.

शोभा: म्हणजे फोडणी सपाट बुडाच्या कढईत आधी करायची आणि भाजी तिच्यावर. वरणाला वरून फोडणी द्यायची तर गॅस. बरं, हे स्टीलचे गंज तरी? स्टील म्हणजे लोखंडच ना?

मालतीताई: इथेच लोक फसतात. लाव चुंबक, काठाला.

शोभा: धरलं की. जरासं धरलं.

मालतीताई: आता उलटा कर आणि बुडाच्या मधोमध लाव.

शोभा: घसरलं. इथे धरतच नाही.

मालतीताई: गंज बनवताना पत्रा साच्यात ओढला-दाबला जातो, त्यानं काठाकडचं स्टील थोडं चुंबकीय होतं. बूड मात्र मूळचंच राहतं. ज्या स्टीलमध्ये निकेल असतं ते चुंबकाला धरत नाही. १८/८ किंवा ३०४ म्हणतात ते हेच, आणि ते उत्तम स्टील आहे. निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०० मालिकेचं स्टीलही धरत नाही. ४३० नंबरचं मात्र धरतं. म्हणून चुंबक नेहमी बुडाच्या मध्याला लावायचं आणि ते घट्ट बसलं पाहिजे. नुसतं चिकटल्यासारखं वाटणं पुरत नाही.

शोभा: मग चांगलं स्टील घेतलेल्यांचीच पंचाईत!

मालतीताई: म्हणून कंपन्या आतून ३०४, मधे अॅल्युमिनियम आणि बाहेरून ४३० असा तिपदरी पत्रा काढतात. ट्रायप्लाय म्हणतात ते. अन्नाला निकेलचं स्टील, आच पसरवायला अॅल्युमिनियम, चुंबकाला बाहेरचा पदर. भांडं महाग असतं, पण तळाला लागत नाही. खालोखाल सँडविच बूड. म्हणजे साध्या स्टीलच्या भांड्याला खालून जाड चकती. तिसरा प्रकार दुकानात सगळ्यात जास्त दिसतो. अॅल्युमिनियमच्या नॉनस्टिक पॅनच्या बुडात ठोकलेली जाळीदार स्टीलची पातळ चकती. ‘इंडक्शन बेस’ लिहिलेलं असतं, चुंबकही धरतं. पण चकती चार-साडेचार इंचांची आणि पॅन दहा इंचांचा. मधला डोसा जळतो, कडेचा पांढरा. असलं घेऊ नकोस.

शोभा: आणि आपल्या आईंचा पितळी गंज? दरवर्षी कल्हई करून ठेवलाय मी. डब्यातली आमटी अजून त्यातच उकळते.

मालतीताई: तो भंडाऱ्याहून आणला होता आईनं. मला आठवतंय, मी शाळेत होते. नाही चालायचा तो. मधे लोखंडी चकती ठेवून त्यावर ठेवतात काही लोक. तसली चकती मिळते बाजारात. पण मग चकती तापणार, ती गंज तापवणार, अर्धा फायदा तिथेच गेला. शिवाय चकतीची धग काचेत आणि आतल्या यंत्रात उतरते. मी नाही सांगणार.

शोभा: दुकानदार सांगत होता, इन्फ्रारेड घ्या, सगळी भांडी चालतात.

मालतीताई: खोटं नाही सांगत तो. त्यात खाली तापणारी तार असते, काच लाल होते आणि ती वरच्या भांड्याला तापवते. पितळ, तांबं, स्टील, काहीही ठेवा. जाळी ठेवून पापडसुद्धा भाजतात. पण मग ते इंडक्शन नाही, विजेची शेगडीच. काच तापायला वेळ लागतो, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, आणि उष्णता खोलीत पसरते. पंखा चालेल, एवढंच. बूड तिलाही सपाटच हवं. आईच्या गंजासाठी एखादी घेतलीस तर मी नावं ठेवणार नाही, पण रोजच्या उकळण्याला नको.

शोभा: नको मग. गंज गॅसवरच राहू दे. आणि कुकर नवा घ्यायचा म्हणता, तर तो कसा बघायचा?

मालतीताई: स्टीलचा किंवा इंडक्शनचं बूड असलेला. दुकानात फूटपट्टी घेऊन जा. तोंड मोजायचं नाही, बुडाचा सपाट भाग मोजायचा. स्वस्त शेगडीतलं तारेचं वेटोळं जेमतेम १५ ते १८ सेंटीमीटरचं असतं, वरचं वर्तुळ कितीही मोठं छापलेलं असो. बूड त्याहून फार मोठं असलं तर कडा नुसत्या बघत बसतात. बारा सेंटीमीटरहून लहान असलं तर बऱ्याच शेगड्यांना भांडं आहे हेच कळत नाही, म्हणजे एका कपाचा चहा छोट्या भांड्यात व्हायचा नाही. मग फूटपट्टी बुडावर आडवी ठेवून उजेडात धरायची. मधे केसाएवढी फट असली तर चालेल, तापल्यावर बूड सपाट होतं. पण बूड बाहेर फुगलेलं असलं तर भांडं काचेवर भिरभिरतं. ते नको.

शोभा: शिट्ट्या? माझ्या शेजारणीनं इंडक्शनवर कुकर लावला, नेहमीच्या तीन शिट्ट्या केल्या, तर तुरीची डाळ टचटचीत. तिनं डाळीलाच दोष दिला.

मालतीताई: शिट्ट्या म्हणजे वेळ नाही ना! पूर्ण आचेवर इंडक्शन इतक्या वेगानं वाफ करतं की तीन शिट्ट्या चार-पाच मिनिटांत उरकतात, आणि डाळीला शिजायला वेळच मिळत नाही. पहिली शिट्टी पूर्ण आचेवर होऊ दे. मग आच कमी कर आणि घड्याळ लाव. भिजवलेली तुरीची डाळ असेल तर आठ-दहा मिनिटं. पुढची शिट्टी झाली नाही तरी चालेल. शिट्ट्या मोजायची सवय सोडायला लागते, हे खरं.

ह्या एका गोष्टीपायी इंडक्शन बदनाम झालेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. वेगाचं म्हणाल तर एक लिटर पाणी १८०० वॅटवर उकळायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. तोच वेग रिकाम्या नॉनस्टिक तव्याला घातक असतो. त्याचा लेप २६० अंशांपुढे खराब व्हायला लागतो, आणि पूर्ण आचेवरचा पातळ रिकामा तवा तिथवर चटकन पोहोचतो. तेल घालून, मधल्या आचेवर सुरुवात करावी. पातळ बुडाची भांडी तर अशानं कायमची वाकडी होतात.

शोभा: आता बिलाचं बोला. महावितरणचं बिल बघून आमच्या ह्यांचा चेहरा उतरतो, त्यात ही शेगडी.

मालतीताई: कागद दे. सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस. एका किलोत साधारण १२.८ युनिट विजेइतकी उष्णता. म्हणजे सगळ्यात मिळून १८० युनिट. त्यातली ६५ टक्के तुझ्या भांड्यात जाते असं धरू, झाली ११७. तेवढीच इंडक्शनवरून हवी असेल तर ८५ टक्क्यांनी १३८ युनिट जाळावे लागतील. धर १४०. एक सिलेंडर म्हणजे १४० युनिट. सिलेंडर समजा ९०० रुपयांना पडला, तर युनिट ६ रुपये ४० पैशांच्या आत असेल तरच इंडक्शन स्वस्त.

शोभा: माझं बिल बघा. उन्हाळ्यात कूलर आहे, फ्रिज आहे. १०० युनिट तर पहिल्या आठवड्यातच जातात. शंभराच्या पुढे दर एकदम उडी घेतो, तीनशेच्या पुढे आणखी. शेगडीचे युनिट त्या वरच्याच दरानं मोजले जाणार ना?

मालतीताई: हो. सरासरी दर बघून उपयोग नाही, तुझं बिल ज्या टप्प्यावर संपतं तोच दर धरायचा. तुझ्यासाठी आज गॅसच स्वस्त आहे, हे मी मान्य करते. माझ्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत म्हणून मला परवडतं. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. ते घेतलंस तर गणित फिरेल. दुपारची वीज आपलीच.

शोभा: मग आज मी पैसे वाचवायला म्हणून घेऊ नये.

मालतीताई: पैसे वाचवायला नको घेऊस, घाम वाचवायला घे. आणि सिलेंडर संपला, दुसरा आला नाही, तर डबे थांबणार नाहीत. एवढं मात्र लक्षात घे, आपला देश निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून आणतो. समुद्रात कुठे काही बिनसलं की त्याची झळ तुझ्या ओट्यापर्यंत येते. २०२१ साली ‘गो इलेक्ट्रिक’ मोहीम निघाली तेव्हा नितीन गडकरींनी हेच सुचवलं होतं, की गॅसऐवजी विजेवरच्या स्वयंपाकाच्या साधनांना अनुदान द्यावं.

शोभा: आणि वीज गेली की? इथे वादळाची चाहूल लागली तरी लाइट जाते. डबे साडेनऊला निघतात, महावितरणची वाट बघत नाहीत. तुम्ही सिलेंडर संपल्यावर इंडक्शन म्हणता, मी लाइट गेल्यावर गॅस म्हणते.

मालतीताई: म्हणून दोन्ही. मी कुणाला गॅसचा नंबर परत करायला सांगत नाही.

शोभा: बरं, समजा घेतली. ह्या बटणात लावू का, मिक्सरच्या?

मालतीताई: मुळीच नाही! हा सहा अॅम्पियरचा सॉकेट आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अॅम्पियर ओढते. सॉकेट वितळेल. सोळा अॅम्पियरचा वेगळा पॉइंट हवा, त्याला मीटरपासून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी, आणि खरंखुरं अर्थिंग. ह्या घरातली जुनी वायर अॅल्युमिनियमची असेल तर तिच्यावर विसंबू नकोस. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच नको. वायरमन येऊन हे करून गेल्याशिवाय शेगडीचे पैसे देऊ नकोस. तोवर हवी असेल तर हजार-बाराशे वॅटवरच चालवायची, पण तू तसं करणार नाहीस, मला माहितीये.

हा मुद्दा विकणारे सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत. वायरिंगचा खर्च कधीकधी शेगडीच्या किमतीएवढा होतो, आणि तो शेगडीच्या किमतीतच धरायला हवा.

शोभा: कुठली घेऊ मग? टचची छान दिसते.

मालतीताई: पिठाच्या, ओल्या हातानं टच चालत नाही. वाफ बसली की वेड्यासारखी वागते. दाबायची बटणं असलेली घे, किंवा फिरवायचा खटका असलेली. आणखी एक गोष्ट दुकानातच तपासायची. पाणी उकळवून घ्यायचं आणि आच सगळ्यात खाली आणायची. बुडबुडे सारखे मंद येत राहिले तर उत्तम. येऊन थांबले, पुन्हा जोरात आले, पुन्हा थांबले, तर समज की ती मंद आच नाहीच, मोठी आच चालू-बंद होतेय. स्वस्त शेगड्यांत बहुधा हेच असतं. कुकरला, भाताला काही बिघडत नाही. पण बासुंदी, पुरण, आटवायचं दूध खाली लागतं.

शोभा: पुरण मी कुठल्याही शेगडीवर सोडून जात नाही.

मालतीताई: तू नाही, मी जाते. आणि झुरळं! खालच्या पंख्याच्या झडपेतून आत शिरतात, गरम जागा त्यांना आवडते, आणि आतलं सर्किट जळतं. दुरुस्तीवाल्याकडे गेलेल्या शेगड्यांत हे फार असतं. ओट्यावर रात्री ठेवू नकोस, पुसून कपाटात ठेव. काम झालं की मागचं बटण लगेच बंद करायचं नाही, आतला पंखा थांबू द्यायचा. भिंतीला चिकटवून ठेवायची नाही, मागे चार बोटं जागा हवी. काच फुटली तर त्यावर पाणी-दूध सांडू न देता तशीच बंद करायची. दुरुस्ती अकोल्यात होते का, हे घेतानाच विचार.

शोभा: आमच्या काकांना पेसमेकर आहे. ते चहा स्वतः करतात.

मालतीताई: मग त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साधारण दोन फूट अंतर ठेवायला सांगतात. ओट्याला टेकून, वाकून चहा करणाऱ्या माणसाला ते जमत नाही. काकांचा चहा गॅसवर.

शोभा: झालं! भाकरी गॅसवर, भरीत गॅसवर, आईंचा गंज गॅसवर, काकांचा चहा गॅसवर. आणि गॅस पेटला की पंखा बंद. ज्यासाठी घ्यायची तेच गेलं.

मालतीताई: ...हे मी धरलं नव्हतं.

शोभा: थांबा, माझं मी बघते. सकाळी पाचला गारवा असतो. तेव्हा भाकऱ्या आणि आमटी उरकायची, वांगी भाजायची, काकांचा चहाही तेव्हाच. साडेसहाला गॅस बंद. मग पंखा लावायचा आणि कुकर, भात, दोन भाज्या, दुपारचं दूध सगळं इंडक्शनवर. ऊन चढतं तेव्हाचा स्वयंपाक पंख्याखाली. आजवर मी आधी कुकर लावायची आणि भाकऱ्या शेवटी, गरम जाव्यात म्हणून.

मालतीताई: भाकऱ्या गार होतील.

शोभा: ज्योतीवरच्या आहेत, वातड नाही होणार. फडक्यात गुंडाळून ठेवीन. पण मग दोन भाज्यांना सपाट बुडाची एक मोठी कढई लागेल, आणि तीस माणसांची भाजी १८ सेंटीमीटरच्या वेटोळ्यावर होणार नाही.

मालतीताई: तीस माणसांची नाही होणार. एवढ्याला हॉटेलवाल्यांची व्यापारी शेगडी लागते, साडेतीन किलोवॅटची, आणि तिची वायर आणखी जाड. सध्या घरची भाजी आणि डब्याचा भात तिच्यावर काढ, डब्याची भाजी सकाळच्या गॅसवर.

शोभा: म्हणजे आत्ता घ्यायचं ते एवढंच. वायरमन. मग स्टीलचा कुकर, बूड मोजून. एक तिपदरी कढई. बिडाचा तवा आहेच. आणि बटणांची शेगडी.

मालतीताई: कुकर पाच लिटरचा पुरे.

शोभा: सहा माणसांना नाही पुरत, ताई. साडेसहाचा बघते. बूड वेटोळ्याच्या फार बाहेर जात असेल तर तीन-तीन लिटरचे दोन घेते, एकात डाळ, एकात भात, एकापाठोपाठ. चुंबक राहू द्या माझ्या पिशवीत, आणि ती फूटपट्टीही द्या.